नऊशेवर थांबलेली बेरीज

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, उंची १५८ सेंमी, वजन ७२ किलो, शाळेत शिक्षिका. अंडी चालतात, मासे-मटण नाही. वजन उतरवण्यासाठी मोबाइलमधल्या ॲपने रोज १४५० कॅलरींचं लक्ष्य दिलंय. तळलेलं, गोड, भात, शेंगदाणे, तूप बंद केल्यापासून दिवसाची बेरीज ९०० च्या पुढे सरकत नाही, आणि पोट तर भरलेलं असतं. पहिल्या महिन्यात तीन किलो गेले. गेले पाच आठवडे काटा जागचा हलत नाही, केस मात्र गळायला लागलेत. उरलेल्या साडेपाचशे कॅलरी चांगल्या खाण्यातून भरायच्या कशा? की उरल्यात म्हणून संध्याकाळी वाटीभर चिवडा चालेल? सोबत चार दिवसांची नोंद पाठवली आहे.

ताई, पातळ पोह्यांचा वाटीभर चिवडा खाल्ल्याने काही बिघडत नाही. पण साडेपाचशे कॅलरी खरंच उरतायत का, हे आधी बघू. कारण तुमची नोंद वाचताना मी तिसऱ्या ओळीवरच अडले.

तिथे लिहिलंय: चहा, तीन कप, ६ कॅलरी.

ॲपमध्ये नुसतं 'चहा' शोधलं की बहुतेक वेळा सगळ्यात वर येतो तो काळा, बिनदुधाचा चहा. त्याच्या कपाला दोन कॅलरी, हिशेब बरोबर. तुम्ही साखर सोडलीत, पण दूध सोडल्याचं कुठे लिहिलेलं नाही. घरात पिशवीचं फुल क्रीम दूध येत असेल तर १०० मिलिला ८५ ते ९० कॅलरी धरा. कपाला ५० मिलि, तीन कपांचे १५० मिलि. म्हणजे १३० कॅलरी, सहा नव्हे.

आता मटकी. डब्यातल्या कोशिंबिरीत 'मोड, १०० ग्रॅम, ३० कॅलरी' अशी नोंद आहे. हा आकडाही खोटा नाही, पण तो आपल्या मटकीचा नाही. तो लांबलचक पांढऱ्या मोडांच्या मुगाचा, चायनीज भाज्यांत घालतात त्यांचा. त्यात ९० टक्के पाणी असतं. आपण मटकी रात्रभर भिजवतो, फडक्यात बांधतो आणि अर्ध्या बोटाचा मोड आला की काढतो. वाटीभर कोरडी मटकी फुगून सव्वादोन-अडीच वाट्या होते, पण आतला ऐवज जवळपास तेवढाच राहतो. कोरड्या मटकीच्या १०० ग्रॅमला ३३० च्या आसपास कॅलरी, म्हणजे घरच्या मोडांच्या १०० ग्रॅमला १३० ते १४०. इथेही शंभर हरवले. शिवाय त्यातली प्रथिनंही हरवली, त्याबद्दल पुढे बोलते.

मग भाजी. 'कमी तेलाची भाजी' असं तुम्ही चारही दिवस लिहिलंय. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी तेलाचा प्रश्न कधी थेट विचारत नाही, कारण उत्तर 'अगदी कमी' असंच येतं, आणि ते मनापासून दिलेलं असतं. मी विचारते, महिन्याला घरात तेल किती येतं आणि जेवणारी तोंडं किती? चार माणसांत चार लिटर म्हणजे माणशी रोज ३३ मिलि. तेलाच्या ग्रॅमला ९ कॅलरी, तेव्हा हे झाले २७० च्या पुढे. तुम्ही त्यातलं निम्मंच खाता असं धरलं, तरी तुमच्या नोंदीत तेल चाळीसच्या वर कुठेच नाही. हे एकदाच करून बघा: बाटलीवर मार्करने तेलाच्या पातळीची रेघ मारून तारीख घाला, आणि आठ दिवसांनी दुसरी रेघ मारा. फोडणीच्या पळीवर भरवसा ठेवू नका. एका घरातली पळी दोन चमच्यांची, तर दुसऱ्या घरातली पाच चमच्यांची.

वाटीचंही तसंच. एक बाई माझ्याकडे पिशवीतून स्वतःची वाटी घेऊन आल्या होत्या, 'हीच आमची एक वाटी' म्हणून. पाणी भरून मोजली तर २२० मिलिची निघाली. ॲपमधली वाटी १२० ची. दोन महिने त्या एक वाटी वरण लिहीत होत्या आणि खात होत्या जवळजवळ दोन. स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. कायम वापरायची गरज नाही, पंधरा दिवस पुरे. रिकामं भांडं ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा आणि मग पीठ, डाळ, दाणे घालायचे. शिजलेल्यापेक्षा कोरडा जिन्नस मोजलेला बरा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाला ३५० कॅलरी, तर शिजलेल्या १०० ग्रॅम भाताला १३०. ॲपमध्ये दोन्ही नोंदी 'तांदूळ' म्हणूनच सापडतात, आणि चुकीची निवडली की सगळं गणित ढासळतं.

हा तुमचा वेंधळेपणा नाही. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. बाराशेपेक्षा कमी खाऊनही आमचं वजन उतरत नाही, असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं त्यात वेगळ्या पद्धतीने, अंगातल्या ऊर्जेच्या खर्चावरून मोजलं. त्यांनी प्रत्यक्ष खाण्याच्या जवळजवळ निम्मंच लिहिलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. ओट्यापाशी उभ्याने खाल्लेलं, चव बघितलेलं, मुलाच्या डब्यात परत आलेली अर्धी पोळी, हे 'खाणं' म्हणून डोक्यात नोंदलंच जात नाही. तुमच्या स्टाफरूममध्ये महिन्याला किती वाढदिवस असतात?

आणि तुमची नोंद सोमवार ते गुरुवारची आहे. शुक्रवारी उपवास, शनिवारी बाहेर, रविवारी सासरी जेवण असतं, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. त्या तीन दिवसांचा कागद कोरा आहे.

तेव्हा माझ्या हिशेबाने नोंदीतले नऊशे म्हणजे खरे बाराशे ते साडेबाराशे. तुमच्या वयाला, उंचीला आणि वजनाला शरीर नुसतं पडून राहिलं तरी साधारण १३५० कॅलरी खर्च करतं. शाळेतलं उभं राहणं, घरकाम, जिने धरून दिवसाचा खर्च १७५० ते १८५० वर जातो. त्यातून साडेतीनशे-चारशे वजा केले की १४५० हे लक्ष्य येतं. ॲपने आकडा बरा दिलाय, हे मला मान्य. (कित्येक ॲपं 'आठवड्याला एक किलो' हा पर्याय निवडला की कुठल्याही बाईच्या हातावर १२०० ठेवतात.) चार दिवस साडेबाराशे आणि तीन दिवस मोकळे, अशी सरासरी लावली तर सोळाशे-सतराशेच्या घरात सहज जाते. मग आठवड्याला शंभर ग्रॅम उतरले तरी नशीब, आणि एवढा फरक पाळीच्या आधी अंगात साठणाऱ्या पाण्यातच लपून जातो. पहिल्या महिन्यातले तीन किलोही सगळे चरबीचे नव्हते. भात-साखर एकदम बंद केली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते, आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणीही जातं. काटा तेव्हा जसा खोटा खूश करत होता, तसाच आता खोटा रडवतोय.

पण म्हणून 'उरतंय ते उरू दे' असं मी म्हणणार नाही. सोमवार ते गुरुवार तुम्ही खरंच कमी खाताय. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे जे खाताय त्यात पाणीच फार. पपई, काकडी, टोमॅटो, दुधीचं सूप, पातळ ताक. सगळं चांगलंच, पण ताटभर काकडीला पन्नास कॅलरीही होत नाहीत. जठर आकारमानावर भरतं, म्हणून तुम्हाला भूक नाही. ती लागते शुक्रवारी संध्याकाळी, आणि मग एकदम लागते.

तुमच्या चार दिवसांची प्रथिनं मी मोजली. मटकी दुरुस्त करूनही दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपासच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात. संस्थेने प्रमाण धरलेल्या ५५ किलोच्या बाईला ४६. वजन उतरवताना मी याहून थोडी जास्तच देते, तुम्हाला ६० च्या आसपास. कारण खाणं कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. आणि केस. झटकन वजन उतरलं, प्रथिनं कमी पडली, की दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात. तुमचा नववा आठवडा चालू आहे, वेळापत्रक जुळतंय.

आता मूळ प्रश्न, भरायच्या कशाने. गंमत अशी, की तुम्ही जे जिन्नस पहिल्या दिवशी घराबाहेर काढलेत, नेमके तेच आता हवेत. शेंगदाणे, तीळ, डाळीचं पीठ, थोडं तेल, चमचाभर तूप. चांगलं खाणं म्हणजे हिरवं आणि पाणीदार, अशी एक समजूत पसरली आहे. परदेशी पाककृतींत ही जागा भरायला बदामाचं लोणी आणि ॲव्होकाडो सांगतात. आपल्याकडे दाण्याचा कूट आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० कॅलरी आणि सात ग्रॅमच्या वर प्रथिनं. पोटात जागा किती घेतात? जवळजवळ नाहीच. तीच काकडीची कोशिंबीर दोन चमचे कूट आणि वर अर्धा चमचा तेलाची जिरं-हिंगाची फोडणी घालून केलीत, की ऐंशी-नव्वद कॅलरी वाढतात आणि चार घास जास्त जातात. खमंग काकडी आपल्या आज्या करायच्या, ती अशीच.

जवसाची, कारळाची, तिळाची कोरडी चटणी डब्यात ठेवा. दोन चमचे, साधारण १० ग्रॅम, म्हणजे ५० कॅलरी. भाकरीवर अर्धा चमचा कच्चं तेल घालून खाल्ली तर सत्तर. सोलापूरकडची शेंगाचटणीही चालेल. फक्त तिथे हात आवरायचा, ती चटणी पोटासाठी थांबत नाही, संपते तेव्हाच थांबते.

पिठल्याला तर मी या कामासाठी पहिला नंबर देते. ३० ग्रॅम बेसन, म्हणजे ११० कॅलरी आणि सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं. दोन चहाचे चमचे तेल, त्याचे ऐंशी. कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर. दहा मिनिटांत होतं. सोबत ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, दोनशे कॅलरी. शेजारी घरचं वाटीभर दही, शंभर. हे झालं पाचशेच्या आतलं रात्रीचं जेवण, ज्यात साडेसतरा ग्रॅम प्रथिनं आहेत. तुमच्या दुधीच्या सूपमध्ये कॅलरी साठ आणि प्रथिनं नावालाच. सूप प्यायचंच असेल तर जेवणाच्या आधी पोट भरून पिऊ नका. सध्या तुम्हाला भूक मारायची नाही, वाढवायची आहे.

पूर्ण दिवस मांडून दाखवते, म्हणजे अंदाज येईल. सकाळी एक चहा दुधासकट ४५. दोन अंड्यांचं कांदा घातलेलं ऑम्लेट, एक चमचा तेलावर, १९०. सोबत ३० ग्रॅम कणकेची घडीची पोळी, तेलासकट १२०. शाळेच्या डब्यात अशीच एक पोळी. ४० ग्रॅम कोरड्या मटकीची, एक चमचा तेलाची उसळ १७५. पालेभाजी एक चमचा तेलातली ७०. काकडी-मुळा हवा तेवढा, लिहूही नका. मधल्या सुट्टीत वाटीभर पपई, ६०. घरी आल्यावर दुसरा चहा ४५ आणि भाजलेले दाणे २५ ग्रॅम, १४०. रात्री वरचं पिठलं-भाकरी-दही, ४९०. बेरीज १४५५. प्रथिनं ५५-५६, आणि आठवड्यातून दोनदा पिठल्याऐवजी ७० ग्रॅम पनीरची भुर्जी केलीत की त्या दिवशी साठीच्या पुढे. तिसरा चहा यात बसलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो हवाच असेल तर पपई सोडा. मी स्वतः पपईच सोडली असती.

सगळ्यात महत्त्वाची जागा सकाळची आहे. नऊशेवर अडकणारे जवळपास सगळे सकाळी फळाच्या फोडीवर काढतात आणि रात्री नऊ वाजता मोबाइल उघडून 'अजून पाचशे उरल्या' म्हणून डोकं धरतात. त्या वेळी भरायला गेलात की मिळतो चिवडा, नाही तर बिस्किटं. म्हणून चिवड्याचं माझं उत्तर असं: दुपारी खा, वजन करून ३० ग्रॅम खा, दीडशे कॅलरी लिहा, मजेत खा. रात्रीचं भोक बुजवायला मात्र नको. एखाद्या दिवशी बाराशेवरच संपलं आणि पोट खरंच भरलेलं असलं तर झोपा. तूप चाटून आकडा गाठायचा नाही. लक्ष्य आठवड्याच्या सरासरीचं असतं, रोज शंभर इकडे-तिकडे होणारच. पण सलग तीन-चार दिवस असं झालं तर पुढच्या सकाळी आणखी एक अंडं किंवा थालीपीठ वाढवा. भाजणीच्या एका मध्यम थालीपिठाला, तेल आणि दह्यासकट, तीनशेच्या आसपास धरा.

मध, खजुराचे लाडू, मुसली, 'डायजेस्टिव्ह' बिस्किटं यांनी कॅलरी भरायला सोप्या, पण मोठ्या चमचाभर मधाला साठ कॅलरी आणि प्रथिनं शून्य. फार बोलत नाही.

शुक्रवारचा उपवास मोडू नका, बदला. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच. खिचडीत जी काही ताकद असते ती दाण्याच्या कुटाची. त्याऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, सोबत दही. किंवा राजगिऱ्याच्या पिठाच्या दोन छोट्या भाकऱ्या. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३ ग्रॅमच्या पुढे प्रथिनं आहेत. उपवासाच्या दिवशी माझी आई दाण्याची आमटी इतकी घट्ट करायची, की आम्ही मुलं एकादशीची वाट बघायचो. तेव्हा कुणाला माहीत होतं, ताटात सगळ्यात पौष्टिक तीच होती!

घड्याळ रात्री दाखवतं, 'आज चालून २८० कॅलरी जाळल्या', आणि ॲप तेवढ्या लक्ष्यात वाढवून देतं. ते बंद करून ठेवा. १४५० काढताना तुमचं रोजचं चालणं धरलेलंच आहे.

केस गळतायत म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडसाठी टीएसएच, एवढ्या तपासण्या तुमच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. सगळा दोष कॅलरींवर टाकून मोकळं होऊ नये. हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कुणाला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी-जास्त करण्याआधी डॉक्टरांशी बोला; औषध तेवढंच ठेवून जेवण घटवलं की साखर एकदम खाली येऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना यातलं काहीच लागू नाही. आणि आकड्यांनी झोप उडायला लागली, लग्नाघरचं ताट बघून रडू यायला लागलं, तर ॲप काढून टाका आणि कुणाशी तरी बोला. तसं झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

तुमच्यासाठी पुढचे पंधरा दिवस असे: पहिले तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त काट्यावर मोजून खरं लिहा, शनिवार-रविवार पकडून. मग सकाळ बदला, चार दिवसांनी रात्र बदला. सगळं एकदम केलंत तर पोट फुगेल, विशेषतः उसळींनी. हिंग आणि आलं सढळ घाला. वजन सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, आठवड्यातून तीनदा करा आणि सरासरी लिहा. दाणे, दही, भाकरी परत आल्यावर पहिल्या आठवड्यात काटा अर्धा-पाऊण किलो वर गेला तर घाबरू नका, ते गेलेलं पाणी परत आलंय.

पंधरवड्यानंतर नोंद पाठवाल तेव्हा तेलाच्या बाटलीवरच्या दोन रेघांमधलं अंतर आणि तुमची वाटी किती मिलिची निघाली, हे दोन्ही वरच लिहा. मी आधी तेच बघणार आहे.